पन्नास रुपयांत दोन तास: बक्षिसाचे फसवे संदेश ओळखायला शिकवणारा वर्ग

सोलापुरात गेल्या गड्डा यात्रेच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या जत्रेच्या आठवड्यात आमच्या भाऊबंदांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक संदेश आला. ‘श्री सिद्धेश्वर यात्रेनिमित्त प्रत्येक कुटुंबाला एक जेकार्ड चादर मोफत’ असा मथळा, त्याखाली शहरातील एका जुन्या दुकानाच्या फलकाचे छायाचित्र आणि शेवटी लिंक, एवढाच मजकूर होता. पाठवणारी माझी सख्खी आत्या होती. वय पंच्याहत्तर, आणि आयुष्यात तिने कुणाचे पाच पैसे बुडवलेले नाहीत. मी स्वतः बत्तीस वर्षे यंत्रमाग कारखान्यात हिशेब लिहिले, महिनाअखेरीस दमडीचा फरक राहू दिला नाही. पण त्या लिंकवर मी मुकाट्याने बोट ठेवले, नाव, पत्ता, मोबाइल नंबर भरला आणि पुढचे पान सांगेल त्याप्रमाणे पंधरा जणांना तो संदेश पाठवला. त्या पंधरांत माझे व्याही होते. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला आणि ‘चादर सिंगलची मिळणार की डबलची, म्हणजे घरात तसे सांगून ठेवता येईल,’ असे त्यांनी अत्यंत अदबीने विचारले.

माझा रुपयाही गेला नाही, तरी व्याह्यांना खरे काय ते सांगताना जी अवस्था झाली तिचा हिशेब मला अजून मांडता आलेला नाही. त्याच सुमारास पूर्व भागातील एका वाचनालयाच्या फलकावर ‘बक्षिसाचे खोटे मेसेज कसे ओळखावेत, रविवार दुपारी ४ ते ६, शुल्क ५० रुपये, चहासह’ अशी चिठ्ठी लावलेली दिसली आणि मी नाव नोंदवले. वाचनालयाचे नाव येथे देत नाही, कारण वरच्या मजल्यावरच्या खोलीत तीस खुर्च्या मावतात, त्या दर रविवारी भरतात, आणि आणखी गर्दी झाली तर चालकांना ती आवरणार नाही असे त्यांनीच सांगितले. शिकवणारे गृहस्थ मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवतात. ते मराठी आणि तेलुगू दोन्ही सहज बोलतात, मध्येच कन्नडमध्येही उत्तर देतात, आणि समोर बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांचे फोन त्यांच्या हाताखालून गेलेले असल्यामुळे त्यांच्याविषयी खोलीत एक प्रकारचा घरगुती विश्वास आहे.

या वर्गाचे परीक्षण लिहिताना मी एकच कसोटी लावली. ‘अनोळखी नंबरवरून आलेली लिंक उघडू नका’ हे वाक्य आपण बँकेत, वर्तमानपत्रात आणि फोनच्या कॉलरट्यूनवर इतक्या वेळा ऐकलेले आहे की ते पाठ झाले आहे. मला संदेश आला तो आत्याच्या नंबरवरून. तेव्हा ओळखीच्या माणसाकडून, ओळखीच्या दुकानाच्या नावाने, ओळखीच्या सणाला आलेला संदेश कसा ओळखायचा हे हा वर्ग शिकवतो की नाही, एवढेच मला पाहायचे होते.

पहिला तास त्या कसोटीला पूर्ण उतरतो. सरांनी आपल्या लॅपटॉपवर अशा एका बक्षीस-पानाची निर्धोक प्रत तयार करून ठेवली आहे आणि ती ते भिंतीवर मोठी करून दाखवतात. आधी काही सोपे प्रश्न येतात: आपण पुरुष की स्त्री, वय किती, आमचे दुकान आपल्याला माहीत आहे का. मग ‘आपली उत्तरे तपासत आहोत’ असे लिहून एक चक्र फिरते आणि बारा खोके समोर येतात. तीन संधी आहेत, एका खोक्यात बक्षीस आहे. सरांनी पहिल्या रांगेतल्या तिघांना एकामागून एक बोलावले आणि प्रत्येकाला आवडेल तो खोका दाबायला सांगितले. तिघांनी वेगवेगळे खोके निवडले, तिघांचाही पहिला खोका रिकामा निघाला आणि तिघांनाही दुसऱ्या खेपेस ‘अभिनंदन’ मिळाले. मग सरांनी लॅपटॉपचे वायफाय सगळ्यांना दिसेल असे बंद केले आणि चौथ्या माणसाला बोलावले. त्यालाही दुसऱ्या खेपेस बक्षीस लागले. खोलीत क्षणभर कुणी बोलेना. इंटरनेट बंद असताना हे बक्षीस दिले कुणी, असे मागून एका मुलाने विचारले, तेव्हा सरांनी पानाची संगणकातली लिखावट उघडून दाखवली. पहिला खोका रिकामा आणि दुसरा भरलेला काढायचा, हे तिथे आधीच लिहून ठेवलेले होते. पहिल्यांदा हरवले की दुसऱ्यांदा जिंकलेले खरे वाटते, एवढाच त्यामागचा विचार.

त्याच पानाच्या तळाशी लोकांचे अभिप्राय असतात: कुणाला मोबाइल मिळालेला, कुणाला आधी शंका होती पण आता गाडी दारात उभी. त्यांतल्या एकाही नावावर बोट ठेवून काही उघडत नाही, ‘आवडले’चा अंगठा दाबला तरी पुढे काही होत नाही, आणि ‘दोन मिनिटांपूर्वी’ असे लिहिलेला अभिप्राय अर्ध्या तासानेही दोन मिनिटांपूर्वीचाच राहतो. अभिप्रायांचा तो सगळा पट्टा पानावर रंगवलेला असतो. मी असेच पान यात्रेच्या आठवड्यात पाहिले होते आणि त्यातल्या एका बाईंचा मजकूर वाचून माझी खात्री पटली होती, हे मी तेथे कुणाला सांगितले नाही.

यानंतरचा भाग माझ्या मते या वर्गाचा गाभा आहे. बक्षीस लागल्यावर पान सांगते की हा संदेश पाच ग्रुपना किंवा वीस जणांना पाठवा, म्हणजे हिरवी पट्टी भरेल आणि बक्षीस तुमच्या नावे होईल. सरांनी ते बटण दाबले, व्हॉट्सअ‍ॅप उघडले, आणि कुणालाही काही न पाठवता ते मागे आले. पट्टी पुढे सरकली. तीन वेळा असेच केले, तीन वेळा सरकली. आपण खरोखर पाठवले की नाही हे त्या पानाला कळतच नाही. पट्टी फक्त बटण मोजते, आणि बाकीचे आपल्या प्रामाणिकपणावर सोडलेले असते.

पण त्या बटणाचे खरे काम वेगळे आहे, आणि ते मला पहिल्यांदाच कळले. खोट्या बातम्यांना आळा बसावा म्हणून व्हॉट्सअ‍ॅपने २०१८ साली भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली आणि २०२० साली, फार वेळा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे केले. अशा संदेशावर दोन बाणांची खूणही दिसते. बक्षिसाच्या पानावरचे बटण ही सगळी व्यवस्था वळसा घालून ओलांडते. ते बटण दाबल्यावर आधीचा संदेश पुढे ढकलला जात नाही, तर तोच मजकूर आपल्या नावाने नव्याने टाइप केल्यासारखा तयार होतो. त्यावर ना ‘फॉरवर्डेड’ असे लिहिलेले असते, ना बाण. आत्याचा संदेश मी वर्गातच फोनवर काढून पाहिला. त्यावर कोणतीही खूण नव्हती. आत्याने स्वतः बसून लिहिल्यासारखा तो दिसत होता, आणि म्हणूनच मी तो खरा मानला होता. माझ्याकडून व्याह्यांना गेलेला संदेशही तसाच, माझ्या हातचा.

म्हणून सरांचा नियम असा आहे की पाठवणारा कोण हे पाहू नये आणि संदेशाचे रूपही पाहू नये. संदेश आपल्याकडून काय करून घेऊ पाहतो ते पाहावे. दुकानदाराला चादरी वाटायच्या असतील तर तो दुकानासमोर मांडव घालील, वर्तमानपत्रात जाहिरात देईल, चार दिवस गर्दी करील. ग्राहकाने आधी वीस नातेवाइकांना निरोप दिल्याशिवाय चादर देणार नाही असे म्हणणारा दुकानदार सोलापुरात अजून जन्मलेला नाही, हे त्यांचे वाक्य तेलुगूत अधिक जोरदार वाटले असावे, कारण उजवीकडची बाजू बराच वेळ हसत होती.

लिंकचा पत्ता वाचायला ते ज्या रीतीने शिकवतात तीही उत्तम आहे. फळ्यावर त्यांनी एक टपालाचा पत्ता लिहिला: ‘सोलापूर चादर भांडार, मुख्य रस्ता, पुणे’. पोस्टमन हे पत्र कुठे नेईल, असे विचारल्यावर सगळ्यांनी पुणे म्हटले. लिंकचेही तसेच. सुरुवातीचे दोन तिरपे दंड सोडून द्यायचे, त्यानंतरच्या पहिल्या एकट्या दंडापाशी थांबायचे आणि तिथून मागे, उजवीकडून डावीकडे वाचायचे. शेवटचे दोन शब्द म्हणजे खरे गाव. ‘डॉट को डॉट इन’सारखा शेवट असेल तर तीन शब्द घ्यायचे. त्याच्या डावीकडे दुकानाचे, बँकेचे, सरकारचे कोणतेही नाव लिहिता येते आणि त्याला कुणी अडवत नाही. माझ्या संदेशात दुकानाचे नाव अगदी पुढे होते आणि गाव होते ‘डॉट टॉप’चे. पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चित्रावर भरवसा ठेवणाऱ्यांना त्यांनी एवढेच सांगितले की कुलूप म्हणजे मधल्या वाटेत कुणी ऐकत नाही. पलीकडे कोण बसले आहे हे कुलूप सांगत नाही.

अर्थात पत्ता नीट वाचूनही डोळा फसतो. २०१८ साली आदिदास कंपनीच्या नावाने तीन हजार जोड बूट फुकट वाटण्याचा संदेश जगभर फिरला, त्यातल्या इंग्रजी आय अक्षरावर टिंब नव्हते. तुर्की भाषेत तसे बिनटिंबाचे वेगळे अक्षर आहे, ते तिथे बसवलेले होते. मोबाइलच्या पडद्यावर ते टिंब कोण शोधणार? अशा वेळी सरांची दुसरी युक्ती कामी येते, आणि हिशेबनीस म्हणून ती मला सर्वांत आवडली: वर्धापनदिनाची वजाबाकी करावी. त्या संदेशात कंपनीचा ९३ वा वाढदिवस होता, पण आदिदास नोंदली गेली १९४९ मध्ये, म्हणजे २०१८ साली ६९ वर्षे झाली होती. २०२१ साली अ‍ॅमेझॉनच्या तिसाव्या वाढदिवसाच्या भेटी आपल्याकडे घरोघरी आल्या. अ‍ॅमेझॉनची स्थापना १९९४ ची, तेव्हा सत्तावीसच होतात. त्याच वर्षी टाटा समूहाच्या १५० व्या वर्षानिमित्त मोटार देणारा संदेश फिरला आणि समूहाला त्याचे जाहीर खंडन करावे लागले. समूह १८६८ चा, म्हणजे दीडशे वर्षे २०१८ मध्येच भरून गेली होती. ९३ सोडले तर खोटे बोलणाऱ्याला गोल आकड्यांचा मोह असतो असे दिसते.

दुसरा तास मात्र पहिल्याच्या तोडीचा नाही. चहात वीस मिनिटे जातात आणि उरलेल्या वेळात पैशांच्या फसवणुकीचा सगळा विषय कोंबला जातो. ‘कौन बनेगा करोडपती’च्या नावाने पंचवीस लाखांची लॉटरी लागल्याचा आवाजी संदेश, तोही बहुधा ९२ ने सुरू होणाऱ्या, म्हणजे पाकिस्तानच्या नंबरवरून, हा प्रकार बहुतेकांना माहीत होताच. करासंबंधीचे स्पष्टीकरण उपयोगी होते: आपल्याकडे लॉटरीच्या आणि बक्षिसाच्या रकमेवर तीस टक्के कर आहे हे खरे, आणि भामटे नेमके तेच खरे वाक्य वापरतात, पण रोख बक्षिसातून तो कर देणाऱ्यानेच कापून सरकारात भरायचा असतो, जिंकणाऱ्याने आधी कुणा ‘मॅनेजर’च्या खात्यावर पाठवायचा नसतो. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीही लागत नाही, हे वाक्य त्यांनी सगळ्यांकडून तीनदा म्हणवून घेतले. बक्षिसाचा ‘कोड’ म्हणून जो सहा आकडी क्रमांक मागतात तो पुष्कळदा आपल्याच व्हॉट्सअ‍ॅपची किल्ली असतो, म्हणून दोन टप्प्यांची पडताळणी तिथल्या तिथे चालू करायला लावली. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी त्या पडताळणीचा आपला पिन मोठ्याने उच्चारल्यामुळे त्यांना तो लगेच बदलावाही लागला. एपीके फाइलचा, म्हणजे अँड्रॉइड फोनमध्ये अ‍ॅप बसवणाऱ्या फाइलचा धोका मात्र चार वाक्यांत उरकला. अशी फाइल फोनमध्ये बसवली की ती आलेले एसएमएस परस्पर वाचू शकते आणि मग ओटीपी कुणाला सांगितला नाही हे समाधानही उरत नाही. एवढा गंभीर विषय चहाचे पेले गोळा करता करता सांगण्याचा नव्हे.

चहाच्या वेळी घडलेला एक प्रसंग सांगतो. विड्या वळणाऱ्या एक अक्का शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. त्या सरांना बाजूला घेऊन हळू आवाजात बोलल्या, पण खोली लहान असल्यामुळे ऐकू आलेच. मिक्सर लागला म्हणून त्यांनी आधी ‘डिलिव्हरी’चे, मग ‘जीएसटी’चे आणि मग ‘विम्याचे’ पैसे भरले होते. दर वेळी रक्कम थोडी मोठी, आणि दर वेळी आधीचे बुडू नयेत म्हणून पुढचे भरलेले. दोन महिने झाले होते. पैशांपेक्षा, ‘पोराला कळंल का हो?’ हाच त्यांचा प्रश्न होता. सरांनी त्यांना दोष दिला नाही, ‘तुमच्यासारखे आठवड्याला चार जण दुकानात येतात,’ एवढेच म्हणाले आणि त्यांच्या फोनमधून व्यवहारांचे क्रमांक एका कागदावर उतरवून दिले. वर्गाच्या गुणदोषांत हे कुठे बसते ते मला ठरवता येत नाही, पण गुणांकडे बरेच झुकते.

तक्रार कुठे करायची हा भाग शेवटच्या दहा मिनिटांत येतो आणि येथे माझी खरी नाराजी आहे. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीसाठीचा १९३० हा मदत क्रमांक ताबडतोब लावायचा, कारण रक्कम पुढच्या खात्यांतून काढली जाण्याआधी कळले तर ती रोखता येण्याची शक्यता असते; बँकेचे नाव, व्यवहार क्रमांक, वेळ आणि रक्कम हाताशी ठेवायची, हे त्यांनी नीट सांगितले. पैसे गेले नसतील, नुसता संशयास्पद संदेश आला असेल, तर दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर मार्च २०२४ पासून ‘चक्षू’ नावाची सोय आहे, तिथे कळवायचे, हेही सांगितले. पण चक्षूवर तक्रार करताना संदेश कोणत्या नंबरवरून आला तो द्यावा लागतो. मी हात वर करून विचारले की माझ्या बाबतीत तो नंबर आत्याचा आहे, तर मी आत्याची तक्रार करायची काय? सर गोंधळले, खोली हसली आणि विषय तिथेच संपला. ज्या वर्गाने पहिला तासभर ‘पाठवणारा आपलाच माणूस असतो’ हे शिकवले, त्याने या प्रश्नाचे उत्तर तयार ठेवायला हवे होते. उत्तर अवघड नाही: राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर संशयितांची माहिती देण्याची जी सोय आहे तिथे नुसता वेबसाइटचा पत्ताही नोंदवता येतो, तेव्हा लिंक तिथे द्यायची आणि आत्याला फोन करायचा. व्हॉट्सअ‍ॅपमधले ‘रिपोर्ट’चे बटणही ओळखीच्या माणसावर दाबण्यात अर्थ नाही, कारण त्या माणसाकडून आलेले शेवटचे पाच संदेश कंपनीकडे जातात आणि ठपका येतो तो भाबड्या माणसाच्या खात्यावर.

दुसरी तक्रार छापील कागदाची. वर्गात जे शिकवले त्याच्या अगदी उलट, कागदावर पहिला मुद्दा ‘शुद्धलेखनाच्या चुका पाहा’ आणि दुसरा ‘अनोळखी नंबर टाळा’ असा आहे. चादरीच्या संदेशात वेलांटीची एकही चूक नव्हती. उलट आमच्या वाचनालयाच्या चिठ्ठीत दोन होत्या. हा कागद कुठून तरी उचललेला दिसतो, आणि तो फक्त मराठीत आहे, जे या भागात तरी समजण्यासारखे नाही. खोलीविषयी सांगायचे तर जिना अरुंद आणि चढा आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करून यावे. पंख्याच्या आवाजात मागच्या दोन रांगांना ऐकू येत नाही. आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या खिळ्याची सावली नेमकी लिंकच्या पत्त्यावर पडते. चहा चांगला होता.

पन्नास रुपयांना हा वर्ग स्वस्त आहे, आणि पहिल्या तासासाठी मी शंभरही दिले असते. पाचपैकी साडेतीन गुण देतो; तो कागद बदलला आणि तक्रारीच्या भागाला अर्धा तास दिला तर साडेचार होतील. ज्यांना सगळे माहीत आहे अशा तरुणांनी येण्याची गरज नाही असे मी आधी म्हटले असते, पण त्या दिवशी खोके दाबायला गेलेल्या चौघांपैकी दोघे पंचविशीच्या आतले होते.

आत्याला तो जिना चढवणार नाही, म्हणून सरांकडून त्या पानाची प्रत पेनड्राइव्हवर मागून आणली. मागितली की ते देतात. घरी लॅपटॉपचे वायफाय बंद करून तिच्यासमोर ठेवले. तिने पहिला खोका दाबला, रिकामा. दुसरा दाबला, अभिनंदन. मग तिने चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, ‘अरे, ही तर गड्ड्यातली रिंगा टाकायची गाडी. तिथं निदान साबणाची वडी तरी हाती लागते.’